लीव्हवरूनच राजीनामा, की आधी रुजू होऊन मग?

मॅटर्निटी लीव्ह संपत आली की जॉब बदलायचा विचार बऱ्याच जणींच्या डोक्यात येतोच, आणि मग प्रश्न पडतो की घरूनच राजीनामा टाकून थेट नवीन कंपनीत जायचं का आधी जुन्या ठिकाणी रुजू होऊन मग नोटीस द्यायची. 26 आठवड्यांची पगारी रजा वगैरे सगळ्यांना पाठ असतं म्हणून ते सोडून देते. मी पुण्यात आयटीत, पहिलं बाळ, 90 दिवसांची नोटीस, त्यामुळे माझं मत तेवढ्यापुरतंच धरा.

लीव्हवरून सोडायचा मोह मला चांगलाच झाला होता. जुन्या ऑफिसचं तोंड बघायला नको, बाळाची घडी एकदाच बसवायची, आणि "पगार घेतला आणि गेली" हे निदान तोंडावर ऐकावं लागत नाही (मागून बोलायचं ते बोलतातच, रुजू होऊन सोडलं तरी). फक्त लीव्ह चालू असताना नवीन ठिकाणी कामाला लागू नका, कायद्याने तेवढ्या काळाचा लाभ जातो, शिवाय पीएफच्या यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) दोन्हीकडच्या तारखा एकावर एक दिसतात आणि व्हेरिफिकेशनवाले तेच आधी बघतात. इंटरव्ह्यू द्या, ऑफर घ्या, त्याला कुणाची ना नाही.

माझं घोडं अडलं ते नोटीसवर. लीव्हचे दिवस नोटीसमध्ये धरणार का, एवढंच विचारलं होतं. एचआर म्हणे मॅनेजरला विचारा, मॅनेजर म्हणे पॉलिसी एचआरला माहीत, मेल टाकला तर उत्तर काय, "आधी जॉइन व्हा, मग बघू." इकडे रिक्रुटरचा पहिला प्रश्न ठरलेला, लास्ट वर्किंग डे किती? बाळ नुकतं झोपलेलं, मी बाथरूममध्ये उभी राहून हळू आवाजात सांगतेय की तारीख अजून ठरली नाही, आणि तिकडून "ओके मॅम, कळवतो" म्हणून फोन बंद. जॉब पोर्टलच्या फॉर्ममध्ये 3 महिने निवडले तर कॉल येत नाहीत, "सर्व्हिंग नोटीस" निवडावं तर राजीनामाच दिलेला नाही. या तारखेपायी मी वैतागले आणि ठरवलं की रुजू होऊनच सोडायचं. तुमच्या कंपनीने मेलवर तारीख लिहून दिली तर गोष्ट वेगळी, तोंडी हो म्हणाले तर मात्र मी धरणार नाही.

आणि खरं सांगू का, नोटीसचे ते महिने मला वाटलं होतं तेवढे जड गेले नाहीत. नवीन काम कोणी देत नाही, नुसतं केटी (आपलं काम दुसऱ्याला समजावून सोपवणं), त्यामुळे पाळणाघरातून ताप आल्याचा फोन आला की उठून निघता यायचं. हेच नवीन कंपनीत प्रोबेशनवर असताना झालं असतं तर सुट्टीचा बॅलन्स शून्य आणि ओळखीचं कोणी नाही. त्रास होताच, दूध काढायला मेडिकल रूम होती तिला आतून कडी नाही, मैत्रीण दाराबाहेर उभी राहायची, पण निदान अशी मैत्रीण जुन्याच ऑफिसात असते.

नवीन कंपनीला काय सांगायचं? सांगायलाच पाहिजे असा काही कायदा नाही, आणि टेक्निकल राउंडमध्ये तर विषयच काढू नका. एचआर राउंडला मी एका वाक्यात सांगितलं, मॅटर्निटी लीव्हवरून परत आलेय, नोटीस सुरू आहे, अमुक तारखेला मोकळी होईन. बाळ कोण सांभाळतं हे त्यांनी विचारलं तर "सोय झालीय" एवढंच. एका ठिकाणी तेवढं ऐकून आवाज बदलला, बरंच झालं, आधी कळलं. जुन्या कंपनीला मात्र ऑफर लेटर हातात येईपर्यंत नवीन नोकरीबद्दल अवाक्षर नाही, राजीनाम्यात कारण "पर्सनल".

दुसऱ्या बाळाचा विचार लगेच असेल तर मात्र घाई करू नका, लीव्हचा पगार मिळायला प्रसूतीआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं लागतं, ती अट नवीन कंपनीत पहिल्यापासून मोजतात. बाळ जुन्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये (आरोग्य विम्यात) असेल तर दोन नोकऱ्यांच्या मध्ये आठवड्याची गॅपही ठेवू नका. आणि सही करायच्या आधी पाळणाघराचं विचारा, 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ते द्यावंच लागतं, दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. "टायअप आहे" असं सांगतील, ते ऑफिसपासून किती लांब आहे ते मॅपवर स्वतः बघा, संध्याकाळी 6 च्या ट्रॅफिकचं.