लक्झिलॉन अ‍ॅलू पॉवर १.२५: कुएर्तेनच्या घराण्यातली स्ट्रिंग, कोणी लावावी आणि कधी कापावी

गुस्ताव्हो कुएर्तेन १९९७च्या फ्रेंच ओपनमध्ये उतरला तेव्हा त्याचं रँकिंग ६६ होतं आणि टूरवरचं एकेरीचं एकही विजेतेपद नावावर नव्हतं. वीस वर्षांच्या या ब्राझिलियन पोरानं मुस्टर, काफेलनिकोव्ह आणि फायनलमध्ये ब्रुगेरा असे तिथले तीन माजी विजेते गारद केले. त्याच्या रॅकेटमध्ये लक्झिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टर स्ट्रिंग होती. टूरवर तोवर नॅचरल गटचा, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून बनणाऱ्या स्ट्रिंगचा, दबदबा होता. २००० आणि २००१ साली त्यानं पॅरिस पुन्हा जिंकलं, २०००चा शेवट अव्वल क्रमांकावर केला आणि पॉलिएस्टरकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलली. अ‍ॅलू पॉवर ही त्याच घराण्यातली पुढची, चंदेरी रंगाची स्ट्रिंग; १.२५ ही तिची मिलिमीटरमधली जाडी.

ही स्ट्रिंग करते काय? तिचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि ताठ असतो. चेंडूला खालून वर घासत फटका मारला की उभ्या स्ट्रिंग बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत झटकन जागेवर येतात. त्या परतीच्या झटक्यातून जादा टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेची फिरकी, मिळतो. कुएर्तेनचा एकहाती बॅकहँड भलामोठा, पूर्ण हात फिरवून मारलेला असायचा. असा फटका बेसलाइनच्या आत उतरवायला हाच स्पिन लागतो. पण हात आधी तेवढा वेगानं फिरायला हवा. संथ, आखूड स्विंगवर स्ट्रिंग सरकतच नाही; मग हाती उरतो तो फक्त कडकपणा, आणि तो थेट कोपरात जातो.

सगळ्यात जास्त घोळ टेन्शनमध्ये, म्हणजे स्ट्रिंग किती ताणून बांधायची यात, होतो. सिंथेटिक गट (साधी नायलॉनची स्ट्रिंग) ५६ पौंडांवर वापरणारे हीसुद्धा ५६ वरच ओढून घेतात आणि थोड्याच दिवसांत हात दुखतो म्हणतात. सुरुवात ५० ते ५२ पौंडांवर करा. तरीही लाकडी वाटली तर दोन पौंड आणखी उतरवा. हात पूर्ण फिरवूनही चेंडू लांब जात असेल तरच वर चढा.

गटिंग करणाऱ्यालाही, म्हणजे रॅकेटला स्ट्रिंग बांधून देणाऱ्यालाही, तीन गोष्टी सांगून ठेवा. १२.२ मीटरचं सेट उलगडताना वेटोळं सावकाश सोडायचं. एकदा मुडपलेली जागा पुढे कमजोरच राहते. मशीनवर ओढताना घाई नको, ताण स्थिर झाल्यावरच क्लॅम्प लावायचा. आणि गाठ पक्कडीनं करकचून आवळायची नाही, ही स्ट्रिंग गाठीपाशी तडकू शकते.

आता हिचा खरा दोष. टेन्शन फार लवकर उतरतं, आणि सर्वात मोठी घट गटिंगनंतरच्या पहिल्या दिवसातच होते. नवी असताना चेंडू नेमका कुठे पडणार हे हाताला कळतं, तो अंदाज दहा-बारा तासांच्या खेळानंतर सुटू लागतो. स्ट्रिंग तुटलेली नसते, म्हणून लोक महिनोन्‌महिने ओढतात. पॉइंट संपल्यावर उभ्या स्ट्रिंग वाकड्या राहून बोटांनी सरळ कराव्या लागल्या, किंवा नेहमीचाच फटका अचानक बेसलाइनबाहेर जायला लागला, की ती संपली. व्यावसायिक खेळाडू बहुधा प्रत्येक सामन्याला ताज्या गटिंगच्या अनेक रॅकेट घेऊन उतरतात. ही स्ट्रिंग मुळात तशा वापरात शोभते. आठवड्यातून चार तास खेळणाऱ्यानं दर तीन आठवड्यांनी गटिंगची तयारी ठेवावी. ते जमणार नसेल तर ही घेऊच नये. साधं मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची मऊ स्ट्रिंग, जास्त इमानदारीनं साथ देईल.

हायब्रिड, म्हणजे उभ्या आणि आडव्या स्ट्रिंग वेगवेगळ्या प्रकारच्या लावणं, हा चांगला मधला मार्ग आहे. फेडररनं वर्षानुवर्षं उभ्या नॅचरल गट आणि आडव्या याच स्ट्रिंगची खरबरीत आवृत्ती, अ‍ॅलू पॉवर रफ, वापरली. फटक्याचा पोत ठरवतात त्या उभ्या स्ट्रिंग, त्यामुळे हाताला मऊपणा मिळतो आणि गट आडव्या पॉलिएस्टरवरून सहज घसरते. आडव्या दोन पौंडांनी सैल ठेवा. अर्धंच सेट लागतं, त्यामुळे एका पाकिटात दोन रॅकेट होतात.

शाळकरी मुलांच्या रॅकेटमध्ये पूर्ण अ‍ॅलू पॉवर लावू नये, मग आवडत्या खेळाडूच्या रॅकेटमध्ये काहीही असो. टेनिस एल्बो होऊन गेलेल्यांनीही हायब्रिडच्या पुढे जाऊ नये. कुएर्तेनची कारकीर्द खुब्याच्या दुखण्यानं आणि शस्त्रक्रियांनी आखडली, २००८ साली पॅरिसमध्येच त्यानं निरोप घेतला. त्याचा दोष काही जण स्ट्रिंगवर टाकतात, ते मला पटत नाही. तिचा धोका मनगट, कोपर आणि खांद्याला आहे.

मेलेली स्ट्रिंग काढताना एका कडेपासून कापत जाऊ नका, फ्रेमवर एकतर्फी ताण येतो. मधोमध सुरुवात करून तिरकं, उभी-आडवी एकत्र कापत बाहेर या.