म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली एरर नाणी

बाजारातल्या जुन्या नाण्यांच्या पथारीवर एरर, म्हणजे टाकसाळीत छापतानाच चुकलेला, माल आहे, पण पारखूनच घ्या. दोन रुपयांची लखी (एकाच बाजूचा ठसा दोन्हीकडे उमटलेलं नाणं) अस्सल वाटली: एका बाजूला आकडा नेहमीसारखा, मागे तोच उलटा नि खोलगट, कड शाबूत, काट्यावर ४.८५ ग्रॅम.

मधला भाग नसलेलं दहाचं मात्र सोडून द्या. गाभ्याविना, म्हणजे मधल्या चकतीविना, ठसा बसला तर बाहेरच्या कड्याचा धातू आत पसरतो. इथे आतली कड सरळ, नक्षी तिथेच तुटलेली. म्हणजे गाभा नंतर ठोकून काढलेला.

विक्रेता फोटो काढू देतो, हे बरं. पिशवीतून नाणं बाहेर काढा, उजेड बाजूने तिरका घ्या. त्या पीव्हीसी (मऊ प्लास्टिकच्या) पिशव्या तर घरी नेऊच नका. गोव्याच्या दमट हवेत त्यांच्यामुळे नाण्यांवर हिरवा चिकटा धरतो.