चार वर्षं वापरून: पेन इंटरनॅशनलची पत्रमोहीम

मी प्रुफं तपासते. दिवसभर दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, शंका आली की समासात प्रश्नचिन्ह काढून लेखकाला विचारायचं. त्याच डोळ्यांनी पेन या लेखकांच्या जागतिक संघटनेची तुरुंगातल्या लेखकांची यादी वाचायला घेतली. नाव, काय लिहितो, कधी पकडलं, कोणत्या कायद्याखाली, शिक्षा किती. वाचता वाचता दावित इसाकपाशी थांबले. इरिट्रियाचा पत्रकार, सप्टेंबर २००१ पासून आत. आरोपपत्र नाही, खटला नाही, कुठल्या तुरुंगात ठेवलाय त्याचाही पत्ता नाही. एवढ्या जागा कोऱ्या असलेला मजकूर मी छापायला सोडला नसता.

अशा लेखकांसाठी त्यांच्या सरकारला पत्र लिहा, असं आवाहन पेन करते. पत्र पाठवायला सभासद असावं लागत नाही. आवाहनात प्रकरण थोडक्यात दिलेलं असतं, मागणी काय करायची आणि कोणाला लिहायचं तेही असतं. पुढचं आपल्या शब्दांत. माझं पहिलं पत्र दोन पानी झालं होतं, त्यात ‘निर्लज्ज’ दोनदा आणि ‘अमानुष’ तीनदा. दुसऱ्या दिवशी तेच पत्र प्रूफ म्हणून वाचलं आणि सगळी विशेषणं उडवली. उरल्या सहा ओळी: नाव, अटकेची तारीख, मागणी, आणि शेवटी ‘आपली विश्वासू’. मंत्र्याला शिव्या घालून मला बरं वाटेल, पण त्याचा राग निघेल तो आतल्या माणसावर.

उपयोग होतो का, हे सगळेच विचारतात. अश्रफ फयादचं उदाहरण घ्या. सौदी अरेबियात नोव्हेंबर २०१५ मध्ये या कवीला मृत्युदंड सुनावला. जगभरातून ओरड झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो रद्द होऊन आठ वर्षं कैद आणि आठशे फटके झाले. याला यश म्हणायला जीभ रेटत नाही, पण माणूस जिवंत राहिला. नायजेरियाचा लेखक केन सारो-विवासाठीही रान उठवलं होतं. त्याला १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिलं. १५ नोव्हेंबर हा पेनचा कैदी लेखकांचा दिवस, १९८१ पासूनचा. पाच दिवस राहिले होते.

त्याच नायजेरियाची आधीची एक गोष्ट सांगतात. तुरुंगात असलेला नाटककार वोले सोयिंका याच्यासाठी पेनचे तेव्हाचे अध्यक्ष, अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांच्या सहीचं पत्र लष्करी राजवटीच्या प्रमुखाकडे गेलं. त्याने विचारलं, सिनेनटी मेरिलिन मन्रोशी लग्न केलेला तोच का हा? तोच म्हटल्यावर सुटकेचं काम झालं म्हणे. साहित्याचा प्रभाव!

संस्था जुनी, १९२१ची. लंडनमध्ये कॅथरिन एमी डॉसन स्कॉट यांनी लेखकांनी एकत्र जेवावं म्हणून सुरू केली. तुरुंगातल्या लेखकांसाठी वेगळी समिती १९६० साली आली. हिंसेची चिथावणी देणाऱ्यांची प्रकरणं ती घेत नाही, हे मला पटतं.

पेनची सनद मात्र जरूर वाचा, चारच कलमं आहेत. १९४८ साली मंजूर झालेल्या मजकुरात वंश, वर्ग आणि राष्ट्र यांवरून होणारे द्वेष मिटवा असं होतं. २०१७ साली युक्रेनमधल्या ल्विव्हच्या अधिवेशनात तिथे ‘सर्व द्वेष’ आलं. ६९ वर्षांनी शुद्धिपत्र! माझ्या धंद्यातल्या कोणालाही यावरून भरून येईल.

खटकतं ते भाषेचं. कामाच्या भाषा तीन, इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. भाषिक हक्कांचा जिरोना जाहीरनामा २०११ साली याच संस्थेने काढला. मग तीनवर अडून बसणं शोभत नाही.

डोळ्यांना दिसेल असं काम हवं असेल तर आयकॉर्न बघा. नॉर्वेतल्या स्टाव्हान्गरमधून चालणारं शहरांचं जाळं आहे ते, परागंदा लेखकाला साधारण दोन वर्षं आसरा देतं. पण त्यात सामील व्हायचं ते शहराने. एकट्यादुकट्याच्या हाती असतं ते पत्रच.

दावितसाठीचं पत्र मी त्यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावे लिहिते, दरवर्षी सप्टेंबरात. कच्च्या प्रतीत त्याच्या नावापाशी माझं प्रश्नचिन्ह तसंच आहे: ‘इसाक’ की ‘इसहाक’? लेखकास विचारणे.