दिल्ली पाहताना मेट्रो कार्ड आणि मुक्कामाची जागा: आठ महिने, चार फेऱ्या, बावीस रात्रींचा अनुभव

गेल्या सप्टेंबरपासून या एप्रिलपर्यंत आम्ही उभयतांनी साताऱ्याहून दिल्लीच्या चार फेऱ्या केल्या. मुलगी तिथे शिकते आणि तिच्या वसतिगृहात पालकांना राहता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी खोली शोधणे आले. भेटीच्या निमित्ताने दिल्लीही सावकाशपणे पाहून घ्यायची, असे आम्ही पहिल्याच फेरीत ठरवले होते. एकूण बावीस रात्री आम्ही तीन निरनिराळ्या भागांत राहिलो आणि जवळजवळ सगळा प्रवास दिल्ली मेट्रोच्या स्मार्ट कार्डावर केला. इंडिया गेट किंवा लाल किल्ल्यापासून खोली किती किलोमीटरवर आहे हे पाहून दिल्लीत मुक्काम ठरवू नये, मेट्रोचा नकाशा समोर ठेवून तो ठरवावा, असे माझे आता पक्के मत झाले आहे.

पहिल्या फेरीत आम्ही पहाडगंजमध्ये राहिलो, कारण नवी दिल्ली स्थानकाजवळची स्वस्त खोली म्हटले की सगळे तेच नाव सांगतात. ज्या हॉटेलात खोली घेतली त्याच्या जाहिरातीत ‘मेट्रोपासून पाच मिनिटे’ असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात पहाडगंज रेल्वे स्थानकाच्या फलाट क्रमांक १च्या बाजूला आहे आणि नवी दिल्ली मेट्रो स्थानक पलीकडे, म्हणजे अजमेरी गेटच्या बाजूला, फलाट क्रमांक १६कडे आहे. हातात सामान घेऊन सगळे फलाट ओलांडणारा पूल चढायचा आणि पलीकडे उतरायचे, यात आमची पंचवीस मिनिटे गेली. माझ्या यजमानांचे गुडघे दुखतात, त्यांना तर मध्ये दोनदा थांबावे लागले. त्या गल्लीला खरे जवळचे स्थानक ब्ल्यू लाइनवरचे रामकृष्ण आश्रम मार्ग हे होते, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले. पहाडगंजमध्ये खोली घेणाऱ्यांनी आधी ती गल्ली रेल्वे स्थानकाच्या तोंडाशी आहे की रामकृष्ण आश्रम मार्गाच्या बाजूला, एवढे नकाशावर नक्की पाहून घ्यावे.

दुसऱ्या फेरीत, डिसेंबरमध्ये, आम्ही करोलबागेत उतरलो. खोली चांगली होती, बाजार दाराशी होता, जेवणाची सोय उत्तम होती आणि मेट्रो खरोखरच चालत सात मिनिटांवर होती. अडचण एवढीच की करोलबाग ब्ल्यू लाइनवर आहे आणि पाहण्यासारखी बहुतेक ठिकाणे यलो किंवा व्हायोलेट लाइनवर आहेत, त्यामुळे रोज राजीव चौकात किंवा मंडी हाउसला गाडी बदलावी लागते. राजीव चौकात सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहानंतर जी गर्दी असते तिची कल्पना आपल्याकडच्या माणसाला मुंबईच्या दादर स्थानकावरूनच यावी. ज्यांना अक्षरधामला जायचे आहे त्यांना मात्र करोलबाग सोयीचे आहे, कारण ब्ल्यू लाइनची नोएडाकडे जाणारी गाडी तिथून थेट अक्षरधाम स्थानकावर नेते.

तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत आम्ही लाजपतनगरला राहिलो आणि आमचा शोध तिथे संपला. या स्थानकावर व्हायोलेट आणि पिंक या दोन मार्गिका मिळतात. कश्मीरी गेट ते आयटीओ हा व्हायोलेट लाइनचा जुन्या शहराखालून जाणारा तुकडा मे २०१७मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून ही एकच मार्गिका पर्यटकाची निम्म्याहून अधिक दिल्ली गाठून देते. लाजपतनगरहून उत्तरेकडे बसलो की जंगपुरा, मग जवाहरलाल नेहरू स्टेडियम, खान मार्केट, केंद्रीय सचिवालय, जनपथ, मंडी हाउस, आयटीओ, दिल्ली गेट, जामा मशीद आणि दहावे स्थानक लाल किला. मध्ये कुठेही गाडी बदलायची नाही. उलट दिशेला चौथे स्थानक कालकाजी मंदिर, आणि तिथून लोटस टेम्पल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कुतुबमिनारसाठी पिंक लाइनने दोन स्थानके जाऊन आयएनए स्थानकावर यलो लाइन धरायची. आमच्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे साताऱ्याला थांबणारी गोवा एक्स्प्रेस हजरत निजामुद्दीनपर्यंतच जाते आणि निजामुद्दीनचे मेट्रो स्थानक पिंक लाइनवर लाजपतनगरपासून अवघे तिसरे आहे. पुण्याहून किंवा मिरजेहून त्याच गाडीने येणाऱ्यांनाही हाच लाभ मिळतो. रेल्वेतून उतरल्यावर सराय काले खाँच्या बाजूला बाहेर पडायचे हे मात्र विसरू नये. दुसऱ्या बाजूला उतरलात तर रिक्षावाल्यांचा घोळका आणि मेट्रोचा पत्ता नाही, अशी गत होते.

आता कार्डाविषयी. पन्नास रुपये अनामत ठेवून स्मार्ट कार्ड मिळते आणि प्रत्येक प्रवासावर दहा टक्के सवलत असते. सकाळी आठच्या आधी, दुपारी बारा ते पाच आणि रात्री नऊनंतर आणखी दहा टक्के सूट मिळते. २५ ऑगस्ट २०२५पासून भाडे कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त ६४ रुपये झाले आहे, आणि रविवारी व राष्ट्रीय सुट्ट्यांना बहुतेक टप्प्यांचे भाडे एरवीपेक्षा कमी असते. १२ ते २१ किलोमीटरच्या टप्प्याला एरवी ४३ रुपये पडतात ते रविवारी ३२ पडतात. आम्ही लांबचे फिरणे रविवारी आणि दुपारच्या वेळेत बसवले. दिवसभर भटकूनही माणशी मेट्रोचा खर्च शंभर रुपयांच्या पुढे क्वचितच गेला, म्हणून एका किंवा तीन दिवसांसाठी मिळणारी पर्यटक कार्डे आम्ही कधी घेतली नाहीत. ज्याला एका दिवसात गुरुग्राम, नोएडा आणि जुनी दिल्ली अशी टोके गाठायची आहेत त्यानेच त्यांचा विचार करावा.

एका कार्डावर एकाच वेळी दोघांना जाता येत नाही. प्रत्येकाला स्वतःचे कार्ड लागते. पहिल्या दिवशी मी आत जाण्यासाठी कार्ड टेकवले, झडप उघडली, आणि मागे वळून तेच कार्ड यजमानांच्या हातात दिले. त्यांनी ते टेकवताच लाल दिवा लागला आणि मागची रांग थबकली. मुलीने पलीकडून खूण करून त्यांना बाजूला घेतले आणि खिडकीवरून दुसरे कार्ड आणून दिले. तेव्हापासून त्यांच्या कार्डाला मी निळा दोरा बांधून ठेवला आहे, म्हणजे अदलाबदल होत नाही. ही काळजी आवश्यक आहे, कारण ज्या कार्डाने आत गेलात त्याच कार्डाने बाहेर पडावे लागते. झडपेवरच्या छोट्या पडद्यावर शिल्लक रक्कम दिसते. बाहेर पडताना ती वाचण्याची सवय लावली की पैसे संपल्यामुळे अडकण्याची वेळ येत नाही. आम्ही बहुतेक वेळा मोबाइलवरून पैसे भरले आणि स्थानकावरच्या यंत्रावर कार्ड टेकवून ते कार्डावर चढवून घेतले. एका फेरीतून दुसऱ्या फेरीपर्यंत दोन-अडीच महिने कार्डे घरी पडून होती, तरी शिल्लक जशीच्या तशी राहिली. ज्यांच्याकडे बँकेचे एनसीएमसी, म्हणजे निरनिराळ्या शहरांतल्या मेट्रो-बसला चालणारे सामायिक कार्ड आहे त्यांना ते दिल्ली मेट्रोतही वापरता येते.

मेट्रो स्थानकाचे नाव आणि प्रत्यक्ष स्थळ यांत जे अंतर असते, त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. कुतुबमिनार नावाच्या स्थानकावर उतरलात म्हणजे मिनार समोर दिसेल असे समजू नका. तिथून दीड-दोन किलोमीटर जायचे असते आणि आम्ही उतरताच एका रिक्षावाल्याने दोनशे रुपये सांगितले. आम्ही अॅपवरून रिक्षा मागवली तेव्हा त्याच अंतराचे पंचावन्न रुपये झाले. हुमायूनच्या कबरीसाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियम स्थानकावरून साधारण तेवढेच अंतर आहे. तिथे आम्ही सकाळी लवकर गेलो, कबर पाहिली, समोरच्या ‘सुंदर नर्सरी’ नावाच्या उद्यानात दुपारपर्यंत झाडांखाली बसलो, आणि माझ्या मते दिल्लीतला सर्वांत सुंदर दिवस तोच ठरला. राजघाटाला दिल्ली गेटहून रिक्षा करावी लागते. याउलट लाल किल्ला आणि जामा मशीद यांची स्थानके खरोखरच त्या-त्या स्थळाशी आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी पहिला दिवस तिथेच द्यावा. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे. किल्ल्यासमोरून सायकलरिक्षाने शीशगंज गुरुद्वारापर्यंत जाता येते आणि त्या संथ गतीतच तो रस्ता नीट दिसतो.

लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासमध्ये आम्ही बराच वेळ उभे होतो. पानिपतच्या आधी, १७६०मध्ये, सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी याच दालनाच्या छताची चांदी उतरवली होती. शाळेच्या पुस्तकात वाचलेली ती ओळ त्या छताखाली उभे राहून आठवताना अंगावर काटा आला, हे मोकळेपणाने लिहिते.

वारांचा हिशोब खोलीच्या आरक्षणाआधी करावा. लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेम्पल आणि राष्ट्रीय संग्रहालय ही चारही ठिकाणे सोमवारी बंद असतात. सप्टेंबरमध्ये आमचा एक सोमवार असाच वाया गेला. पुढच्या फेऱ्यांत सोमवार आम्ही हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार यांच्यासाठी राखून ठेवला, कारण ती रोज उघडी असतात. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी लाल किल्ला बंद ठेवला जातो आणि जानेवारीच्या अखेरीस कर्तव्यपथाच्या आसपास निर्बंध असतात, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे दोन काळ टाळावेत. डिसेंबरमध्ये धुक्याने रेल्वेगाड्या रखडतात. तेव्हा पहिल्या दिवसावर काहीच बेतू नये. अक्षरधामला मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून रांगेत उभे राहण्याआधीच सगळ्यांनी भेटण्याची जागा आणि वेळ ठरवून घ्यावी.

गाडीच्या दिशेने पहिला डबा २०१०पासून स्त्रियांसाठी राखीव आहे. गर्दीच्या वेळी मला आणि मुलीला त्याचा फार आधार वाटला, पण त्यामुळे कुटुंबाची ताटातूट होते. आम्ही नियम केला होता की चढण्याआधी उतरण्याच्या स्थानकाचे नाव तिघांनी मोठ्याने म्हणायचे आणि उतरल्यावर फलाटाच्या पुढच्या टोकाला थांबायचे. राजीव चौकात एकदा दार बंद झाले आणि यजमान फलाटावरच राहिले, तेव्हा या नियमामुळेच आम्ही पुढच्या दहा मिनिटांत मंडी हाउसला पुन्हा एकत्र आलो.

उणिवाही आहेत. प्रत्येक प्रवेशावर सामान यंत्रातून जाते आणि अंगझडती होते, त्यामुळे सकाळच्या वेळी पंधरा मिनिटे हाताशी ठेवावीच लागतात. काही ठिकाणी मार्गिका बदलताना फार चालावे लागते. हौज खासला मॅजेंटा लाइनचा फलाट जमिनीखाली २९ मीटर खोल आहे आणि एकामागून एक सरकते जिने उतरताना वयस्कर माणसे थकतात. लिफ्ट सर्वत्र आहेत, पण त्या नेमक्या कोणत्या दाराशी आहेत हे विचारून घ्यावे लागते. शेवटच्या गाड्या रात्री अकराच्या सुमारास सुटतात, म्हणून इंडिया गेटची रात्रीची रोषणाई पाहायला गेलेल्यांनी घड्याळाकडे लक्ष ठेवावे. चार-पाच जणांचे कुटुंब असेल आणि एखादाच दिवस हाताशी असेल, तर दिवसभराची मोटार ठरवणेच बरे. मेट्रोचा खरा फायदा तीन दिवस किंवा अधिक राहणाऱ्यांना होतो.

लाजपतनगरची आमची खोली बाजाराच्या मागच्या निवासी गल्लीत, मेट्रोपासून नऊ मिनिटांवर होती. भाडे पहाडगंजपेक्षा रात्रीला चारशे रुपयांनी जास्त पडले, पण रोजचे रिक्षाचे पैसे वाचल्यामुळे सहा दिवसांच्या शेवटी एकूण खर्च जवळपास सारखाच झाला, आणि संध्याकाळी खोलीवर परतताना पहिल्या फेरीसारखा थकवा नव्हता. ऑक्टोबरच्या फेरीसाठी त्याच घरमालकांना फोन करून ठेवला आहे. या वेळी खोली तळमजल्याची मागितली आहे.