भोसरीच्या छोट्या कारखान्यात २४ कोअरचे वर्कस्टेशन: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमचा कारखाना भोसरी एमआयडीसीत आहे. माणसे पन्नासच्या आत, आणि काम ॲल्युमिनियमच्या प्रेशर डाय कास्टिंगचे (वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, भरण्याचे) व त्यावरच्या मशीनिंगचे. विजेवर चालणाऱ्या दुचाक्यांच्या मोटर हाउसिंगची कामे येऊ लागली तसे ग्राहक डाय बनवण्याआधीच मजबुतीचे, कंपनाचे आणि कूलंट प्रवाहाचे सिम्युलेशन अहवाल मागू लागले. डिझाइन विभागात आम्ही तिघे आहोत आणि गेल्या जूनपर्यंत तिघांच्या सिम्युलेशनचा भार आठ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे गणित करणारे भाग) व ६४ जीबी मेमरीच्या एकाच साध्या डेस्कटॉपवर होता. दहा महिन्यांपूर्वी आम्ही नवे यंत्र घेतले. ते घेताना आम्हाला जे माहीत नव्हते, ते आमच्यासारख्याच आकाराच्या कारखान्यांना खरेदीपूर्वी कळावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

जुन्या यंत्राची खरी अडचण मंदपणाची नव्हती, मेमरीची होती, हे आम्हाला उशिरा समजले. आमचे नेहमीचे मोठे मॉडेल म्हणजे हाउसिंग, ब्रॅकेट, बोल्टचा प्रीटेन्शन (आवळल्यावरचा ताण) आणि एकमेकांना टेकणाऱ्या पृष्ठभागांमधला संपर्क, म्हणजे कॉन्टॅक्ट. त्यात सोडवायच्या समीकरणांची संख्या सुमारे ३८ लाख होते. असे मॉडेल डायरेक्ट सॉल्व्हरने (सगळी समीकरणे एकत्र थेट सोडवणाऱ्या प्रोग्रामने) पूर्णपणे मेमरीत ठेवून सोडवायला आमच्या मोजणीप्रमाणे ८५ जीबीच्या आसपास जागा लागते. ती नसली की सॉल्व्हर मधले आकडे डिस्कवर लिहितो व पुन्हा वाचतो आणि प्रोसेसर बहुतांश वेळ डिस्कची वाट पाहत बसतो. रात्री नऊला लावलेला रन सकाळी सहा-साडेसहाला संपत असे. मध्यरात्री कॉन्टॅक्ट जुळला नाही आणि रन थांबला, तर मात्र आख्खा दिवस हातचा जात असे, कारण ते सकाळी कामावर आल्यावरच कळायचे.

नव्या यंत्रात एएमडीचा थ्रेडरिपर प्रो ७९६५डब्ल्यूएक्स हा २४ कोअरचा प्रोसेसर, २५६ जीबी ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारी) मेमरी, स्क्रॅच म्हणजे तात्पुरत्या फाइलींसाठी स्वतंत्र वेगवान एनव्हीएमई ड्राइव्ह आणि मध्यम क्षमतेचे ग्राफिक्स कार्ड आहे. ऑनलाइन यूपीएस आणि जीएसटी धरून खर्च साडेसात लाखांच्या आत बसला. आमच्या साहेबांनी कोटेशन पाहून एकच प्रश्न विचारला होता, "यापेक्षा ६४ कोअरचे घेतले तर काम किती पट लवकर होईल?" मी तेव्हा अंदाजाने उत्तर दिले. आज मी तो प्रश्न मोजून दाखवू शकतो आणि उत्तर अंदाजापेक्षा बरेच वेगळे आहे.

त्याआधी सुरुवातीची चूक सांगतो, कारण तिच्यामुळेच आम्ही मोजायला शिकलो. आमच्या खरेदीच्या ऑर्डरमध्ये फक्त "२५६ जीबी" एवढेच लिहिले होते आणि जोडणी करून देणाऱ्या विक्रेत्याने ६४ जीबीच्या चार पट्ट्या बसवून यंत्र पाठवले. या प्रोसेसरला मेमरीचे आठ चॅनेल, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या आठ वाटा, आहेत. चारच पट्ट्या लावल्या की क्षमता तेवढीच दिसते, पण अर्धे चॅनेल रिकामे राहतात. पहिले पंधरा दिवस ओपनफोम या प्रवाहाच्या सिम्युलेशनसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरमधले रन १२ कोअरवर आणि २४ कोअरवर जवळपास सारखाच वेळ घेत होते आणि आम्ही दोष मेशमध्ये (गणितासाठी मॉडेलचे केलेले बारीक तुकडे) शोधत राहिलो. शेवटी जॉन मॅकॅल्पिन यांची स्ट्रीम ही मेमरीचा वेग मोजणारी छोटी चाचणी चालवली, तेव्हा सेकंदाला सुमारे १४० जीबी हा आकडा आला. डीडीआर५-५२०० मेमरीच्या एका चॅनेलचा कागदावरचा वेग सेकंदाला ४१.६ जीबी असतो, म्हणजे चार चॅनेलचे १६६ आणि आठ चॅनेलचे ३३२ होतात. आकड्यावरूनच चार चॅनेल बंद असल्याचे उघड झाले. ३२ जीबीच्या आठ पट्ट्या बदलून मिळायला तीन आठवडे गेले. त्यानंतर तीच चाचणी सेकंदाला २३० जीबीच्या जवळ गेली. पूर्ण ३३२ मिळत नाहीत, कारण या प्रोसेसरचे २४ कोअर चार चिप्लेटमध्ये (एकाच प्रोसेसरमधल्या छोट्या वेगळ्या चिपमध्ये) विभागलेले असून प्रत्येक चिप्लेटला मेमरीपर्यंत नेणाऱ्या वाटेची स्वतःची मर्यादा आहे. तरीही प्रवाहाचे रन त्या एका बदलाने दीड पटीच्या आसपास वेगवान झाले. ऑर्डरमध्ये पट्ट्यांची संख्या आणि त्या कोणत्या स्लॉटमध्ये बसणार हे लिहून घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

आता साहेबांच्या प्रश्नाकडे येतो. ३८ लाख समीकरणांचे ते कॉन्टॅक्ट मॉडेल नव्या यंत्रावर ४ कोअरवर १७० मिनिटांत सुटले, ८ कोअरवर १०५, १२ कोअरवर ८४, १६ कोअरवर ७७ आणि २४ कोअरवर ७३ मिनिटांत. म्हणजे जुन्या साडेनऊ तासांतून पावणेतीन तासांवर आणणारी झेप चारच कोअरवर मिळाली आणि तिचे श्रेय मुख्यतः मेमरीला जाते. पुढच्या आठ कोअरनी तो वेळ निम्म्यावर आणला, आणि शेवटच्या बारा कोअरनी वाचवली फक्त ११ मिनिटे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब याचे कारण सांगतो: कामाचा ९५ टक्के भाग वाटून करता येत असेल आणि ५ टक्के एकामागून एकच करावा लागत असेल, तर १६ कोअरवर वेग ९ पटींच्या थोडा वर जातो, ३२ कोअरवर साडेबारा पटींवर, आणि कितीही कोअर लावले तरी २० पटींच्या पुढे कधीच जात नाही. त्यात सगळे कोअर मेमरीच्या त्याच आठ वाटा वापरतात, हे धरले की प्रत्यक्षातला आकडा आणखी खाली येतो. ६४ कोअरचा प्रोसेसर घेतला असता तर आमच्या या मॉडेलसाठी ते पैसे जवळजवळ वाया गेले असते.

सॉफ्टवेअरच्या परवान्याचा हिशेब तर यंत्रापेक्षाही महत्त्वाचा आहे आणि तो आम्ही कोटेशनच्या वेळी बाजूला ठेवला होता. आमच्या व्यावसायिक सॉल्व्हरचा मूळ परवाना ४ कोअरचा आहे. एक पॅक घेतला की आणखी ८ कोअर मिळतात आणि १२ होतात, दुसरा पॅक घेतला की एकूण ३६ वापरता येतात. वरचे १६ आणि २४ कोअरचे आकडे महिनाभराच्या चाचणी परवान्यावर मोजले आहेत. ११ मिनिटांसाठी दरवर्षी दुसऱ्या पॅकचे पैसे भरण्यात अर्थ नव्हता, म्हणून आम्ही एकाच पॅकवर थांबलो. यंत्राचे पैसे एकदाच जातात आणि प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. परवान्याचे पैसे मात्र वर्षामागून वर्ष जातच राहतात. म्हणून आमच्यासारख्यांनी आधी परवान्यात किती कोअर बसतात ते ठरवावे आणि मग प्रोसेसर निवडावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

उरलेले १२ कोअर रिकामे राहिले नाहीत, आणि या यंत्राचा सर्वात मोठा उपयोग मला तिथेच झाला. ओपनफोमला परवान्याचे बंधन नाही. म्हणून १२ कोअरवर कॉन्टॅक्टचा रन आणि उरलेल्या १२ वर कूलंट जॅकेटचा प्रवाह असे दोन्ही एकाच वेळी लावतो. मेमरीची वाट दोघांत वाटली जात असल्याने कॉन्टॅक्टचे ८४ चे ९५ मिनिटे होतात आणि प्रवाहाला चार तासांच्या थोडा वर वेळ लागतो. एकामागून एक लावले असते तर दोन्ही मिळून साडेचार तास झाले असते. बचत अर्ध्या तासाचीच आहे, पण दुसऱ्या माणसाला आपल्या उत्तरासाठी पहिल्याचा रन संपण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि तिघांच्या विभागात ही गोष्ट त्या अर्ध्या तासापेक्षा मोठी आहे.

लहान मॉडेलमध्ये तर हा फरक फारच ठळक आहे. सहा लाख समीकरणांचे साधे लिनियर मॉडेल आम्ही कॅल्क्युलिक्समध्ये सोडवतो. म्युनिकच्या एमटीयू एअरो एंजिन्स या विमान इंजिनांच्या कंपनीतील अभियंत्यांनी लिहिलेले हे खुले सॉफ्टवेअर आहे. २४ कोअर एकाच रनला दिले तर सहा मिनिटे लागतात, म्हणजे डिझाइनच्या सहा पर्यायांना ३६ मिनिटे. तेच सहा पर्याय प्रत्येकी ४ कोअरवर एकदम सोडले तर सगळे १६ मिनिटांत हाती येतात.

डिसेंबरमध्ये याचा कस लागला. एका मोटर हाउसिंगच्या माउंटिंग बॉसच्या (बोल्ट बसवण्यासाठीच्या जाड उंचवट्याच्या) मुळाशी ग्राहकाच्या कंपन चाचणीत तडे गेले आणि डायच्या नव्या इन्सर्टचे (डायमध्ये बसवायच्या बदलत्या तुकड्याचे) हार्डनिंग, म्हणजे स्टील कडक करणे, चार दिवसांवर आले होते. टूलरूमचे काका सकाळीच येऊन म्हणाले, "साहेब, एकदा स्टील कडक झाले की मग मला त्यात फारसे काही करता येणार नाही, काय ते आजच सांगा." पूर्वी अशा वेळी आम्ही अनुभवावरून एक बदल सुचवून तेवढाच तपासत असू. या वेळी त्या दुपारी रिबची (आधार देणाऱ्या पातळ पट्टीची) जागा आणि मुळाची त्रिज्या बदलून १८ पर्याय चालवले, त्यांतले दोन निवडले आणि रात्री दोन्ही पूर्ण कॉन्टॅक्ट मॉडेलवर तपासले. त्रिज्या २ मिमीवरून ४.५ मिमी झाली, रिब थोडी सरकली आणि इन्सर्ट त्याप्रमाणे कापला गेला. पुढच्या चाचणीत तो भाग टिकला. मात्र याच कामात आम्हाला दुसरीही गोष्ट दिसली. जुन्या तुटलेल्या भागाच्या एक्स-रेमध्ये बॉसच्या आत पोरॉसिटी, म्हणजे धातूतली बारीक छिद्रे, आढळली आणि आमचे मॉडेल धातू सगळीकडे घट्ट आहे असे धरून चालले होते. यंत्र कितीही वेगवान असले तरी मटेरियलचा जो आकडा आपण देतो त्याच्यापुढे ते जात नाही. त्यामुळे आता कास्टिंगच्या जाड भागांसाठी आम्ही आमच्याच तुकड्यांची तन्यता चाचणी करून घेतलेले आकडे वापरतो.

मेश बनवण्यात मात्र नव्या यंत्राने थोडाच फरक पडला. ग्राहकाकडून आलेल्या सीएडी फाइलमधले बारीक फिलेट (गोलाई दिलेले कोपरे) आणि तुटके पृष्ठभाग साफ करणे हे माणसाचेच काम राहिले आहे, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मेशिंगचा बराच भाग एकाच कोअरवर चालतो. सुदैवाने हा प्रोसेसर एका कोअरवर ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. जास्त कोअरचे पण कमी घड्याळवेगाचे सर्व्हर प्रोसेसर घेतले असते तर हा भाग रेंगाळला असता.

सेटिंगच्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. विभागातल्या नव्या मुलीने टास्क मॅनेजरमध्ये ४८ प्रोसेसर दिसतात म्हणून रनला ४८ चा आकडा दिला आणि रन मंदावला. ते ४८ म्हणजे २४ कोअरचेच दुहेरी धागे असतात, म्हणून आम्ही बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) ती सोय बंद केली. दुसरे म्हणजे ग्राफिक्स कार्डावर सॉल्व्हर चालवण्याचा मोह. या वर्गातली कार्डे दुहेरी अचूकतेचे (जास्त अंकांपर्यंत नेमके) गणित एकेरी अचूकतेच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या वेगाने करतात आणि आमच्या डायरेक्ट सॉल्व्हरला दुहेरी अचूकता लागतेच. आमचे कार्ड म्हणूनच केवळ चित्र दाखवण्यापुरते आहे.

धूळ आणि वीज या दोन बाबतींत भोसरीची परिस्थिती वेगळी आहे. प्रोसेसर एकटाच ३५० वॅटपर्यंत उष्णता सोडतो आणि पूर्ण भाराला सगळे यंत्र सुमारे ६०० वॅट घेते, म्हणजे २४ तासांच्या रनला साडेचौदा युनिट. सुरुवातीला ते मशीन शॉपला लागून असलेल्या केबिनमध्ये होते. ॲल्युमिनियमची बारीक धूळ वीज वाहते, हे ध्यानात आल्यावर ते वरच्या मजल्यावर वातानुकूलित खोलीत हलवले, आणि फिल्टर दर महिन्याला साफ करतो. गुरुवारच्या वीज बंदला आमचा यूपीएस पुरत नाही, त्यामुळे बुधवारी रात्री मोठा रन लावताना प्रवाहाच्या रनमध्ये मधले निकाल ठरावीक अंतराने साठवतो, म्हणजे तिथूनच पुन्हा सुरू करता येतो. कॉन्टॅक्टच्या रनमध्ये रीस्टार्टचा पर्याय आधीच चालू केला नसेल तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. एका गुरुवारी आम्ही हे अनुभवले आहे.

क्लाउडही महिनाभर वापरून पाहिले. प्रवाहाच्या एका मोठ्या कामासाठी ते चांगले चालले, पण ४२ जीबीची निकालाची फाइल आमच्या १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून उतरवायला जवळपास एक तास लागत होता, आणि दोन ग्राहकांच्या गोपनीयता करारानुसार त्यांची ड्रॉइंग कारखान्याबाहेर नेता येत नाहीत. वर्षातून दोन-तीनदा अचानक येणाऱ्या भारासाठी मी ते पुन्हा वापरेन. रोजच्या कामासाठी नाही.

काम आणखी वाढले तर पुढची खरेदी काय असावी, हे साहेबांनी गेल्या महिन्यात विचारले. मी त्यांना याच क्षमतेचे दुसरे यंत्र सुचवले आहे, आठही चॅनेल भरलेले, आणि सुरुवातीला दोन्ही यंत्रे एकमेकांना न जोडता. एकच रन दोन यंत्रांवर पसरवायचा तर त्यांच्यामधले नेटवर्क फार कमी विलंबाचे लागते आणि आमच्या कोणत्याही मॉडेलला आज त्याची गरज नाही. गरज आहे ती दुसऱ्या रांगेची. त्या कोटेशनमध्ये मेमरीच्या ओळीत आता "३२ जीबी गुणिले ८" असे लिहिले आहे, आणि यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी स्ट्रीमची चाचणी आमच्यासमोर चालवून दाखवावी अशी अटही घातली आहे.