‘डिलेमा’ला मराठी शब्द हवाय? शिकागोचे ऑनलाइन कोश कितपत कामाचे

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती, 1857) आणि वझे (1911) यांचे मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (1932 ते 1938) फुकट बघता येतात. इंग्रजीतला ‘डिलेमा’ (दोन अवघड पर्यायांतून निवड करायची अडचण) मराठीत आणताना बहुतेक जण ‘द्विधा’ लिहून मोकळे होतात, त्यांनी इथे जरूर डोकावावं.

उलटा शोध, म्हणजे इंग्रजीवरून मराठी शब्दाचा, मोल्सवर्थमध्येच घ्यावा. फक्त मुख्य शब्दांत न शोधता संपूर्ण नोंदीत शोधायचा पर्याय निवडा आणि इंग्रजी शब्द टाका. नुसत्या ‘डिलेमा’वर थांबू नका. ‘परप्लेक्सिटी’ (perplexity), ‘स्ट्रेट’ (strait) हेही रोमन लिपीत टाकून बघा, कारण अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत दिलेत. मग सापडलेला शब्द दाते-कर्वे कोशात तपासा. तिथे अर्थ मराठीत आहेत, चौकोनी कंसात व्युत्पत्ती आहे आणि बऱ्याच ठिकाणी जुन्या ग्रंथांतले दाखलेही.

अडतं ते शुद्धलेखनापाशी. हे कोश 1962च्या नियमांआधीचे, त्यामुळे आज गळलेले अनुस्वार त्यांत शाबूत आहेत. ‘पेच’ टाकून काही हाती लागलं नाही तर ‘पेंच’ टाका, ‘काही’साठी ‘कांहीं’. सामासिक शब्द बरेचदा मूळ शब्दाच्या नोंदीतच कोंबलेले असतात, तेव्हा ‘पेचप्रसंग’ वेगळा मिळाला नाही म्हणून तो कोशात नाही असं समजू नये.

इथवर ठीक. पण कुठला शब्द कुठे बसतो, हे कोश पुरतं सांगत नाहीत. ‘पेच’ फारसीतून आला, मूळ अर्थ पीळ, वेढा. म्हणून पेच पडतो, सुटतो, कुणी आपल्याला पेचात टाकतं; त्यात दोनच पर्याय असले पाहिजेत असं नाही. ‘कोंडी’त वाटच बंद असते, ती फुटावी किंवा फोडावी लागते. निवडीचा प्रश्न तिथे उरतच नाही, त्यामुळे ‘डिलेमा’साठी तो शब्द चुकीचा. ‘धर्मसंकट’ तेव्हाच, जेव्हा दोन्हीकडे कर्तव्य उभं असतं: साक्ष खरी द्यावी तर भाऊ तुरुंगात जातो, खोटी द्यावी तर शपथ मोडते. पिझ्झा की बिर्याणी याला धर्मसंकट म्हणणं थट्टेत चालेल, अग्रलेखात नाही.

‘द्विधा’ मूळ संस्कृतात अव्यय, ‘दोन प्रकारे’. ‘द्विधा मनःस्थिती’ बरोबर. ‘मी द्विधेत आहे’ हल्ली रुळतंय, पण कानाला खटकतं. शिवाय तो शब्द मनाची अवस्था सांगतो, परिस्थिती नाही. दोन्ही बाजूंनी नुकसानच असेल तर ‘कात्रीत सापडणे’ किंवा ‘इकडे आड, तिकडे विहीर’ यांना तोड नाही. आणि हातातलं प्रकरण ठेवताही येत नाही, टाकताही येत नाही, तिथे ‘धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं’. ‘डिलेमा’साठीची तर्कशास्त्रातली संज्ञा ‘शृंगापत्ती’ मात्र तर्कशास्त्रातच राहू द्यावी. बातमीत घातली तर वाचकच पेचात पडेल.

आजचा वापर हवा असेल तर हे कोश अपुरेच, महाराष्ट्र शब्दकोशाची पुरवणीसुद्धा 1950ची. पण कामचलाऊ अनुवादाची साधनं सगळीकडे एकच ‘कोंडी’ चिकटवतात, त्यापेक्षा इथली दहा मिनिटं सत्कारणी लागतात.