एम-सील, टेप, क्लॅम्प की कपलर? गळक्या पाइपवरच्या उपायांची पारख

पाइप गळू लागला की हार्डवेअरच्या दुकानात पहिली मागणी होते ती एम-सीलची, म्हणजे मळून लावायच्या पुट्टीची. वस्तू चांगलीच आहे, पण ती लावली जाते ओल्या पाइपवर, चालू लाइनवर आणि वाटेल त्या प्लास्टिकवर. मग दोन दिवसांत गोळा सुटतो आणि ‘माल खराब निघाला’ असं ऐकू येतं. दुकानात एकाच फळीवर ठेवलेल्या या वस्तू एकमेकींच्या जागी चालत नाहीत. पाइप कशाचा आहे, गळती सरळ पाइपात आहे की सांध्यात, आणि तिथे दाब किती, हे आधी बघावं.

दाबाचा हिशोब सोपा आहे. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून दर १० मीटर खाली आलं की साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब वाढतो. म्हणून सहा मजली इमारतीत वरच्या मजल्यावर वर्षभर टिकलेलं ठिगळ तळमजल्यावर रात्रीतून उडतं. प्रेशर पंप असेल तर तो दाब आणखी वेगळा.

एम-सील आणि तशाच एपॉक्सी पुट्ट्या. जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, जुन्या पाइपाला टाचणीएवढं छिद्र पडलं असेल तर ही पुट्टी उपयोगी. लाइन पूर्ण बंद करायची, सगळ्यात खालचा नळ उघडायचा आणि वरचाही एक उघडा ठेवायचा, म्हणजे हवा आत जाऊन पाइप रिकामा होतो. हे वगळलं तर आत अडकलेलं पाणी छिद्रातून पाझरत राहतं आणि ओल्या पुट्टीला खालून ढकलतं. बहुतेक ठिगळं इथेच फसतात. मग छिद्राच्या दोन्ही बाजूंना किमान ३ सेंटिमीटरपर्यंत गंज आणि रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढायचा, कोरड्या फडक्याने पुसायचं, जमलं तर हेअर ड्रायर फिरवायचा.

पाकिटातल्या दोन्ही कांड्या सारख्या प्रमाणात घ्यायच्या आणि मळून रंग एकजीव करायचा. गोळ्यात पट्टे दिसत असतील तर तेवढा भाग कडक होत नाही. हाताला चिकटू नये म्हणून पाणी लावण्याची सवय आहे, पण ते पाणी फक्त शेवटी वरचा थर गुळगुळीत करायला चालतं. पाइपाला टेकणारी बाजू कोरडी हवी. थोडी पुट्टी छिद्रात दाबून बसवायची आणि बाकीची पाइपाभोवती पूर्ण वेढा देऊन ५-६ मिलिमीटर जाड लावायची. नुसती टिकली चिकटवली तर कडेने सुटते. लवकर कडक होणारा प्रकार घेतला तरी पूर्ण दाब दुसऱ्या दिवशीच सोडावा. कामाच्या वेळी हातमोजे घालावेत, एपॉक्सीने काहींच्या हाताला पुरळ येतं.

एवढं नीट केलं तरी हा उपाय तात्पुरताच. जीआय आतून गंजतो, त्यामुळे एक छिद्र दिसतं तेव्हा आसपासचा पत्राही पातळ झालेला असतो. वीतभर अंतरात दुसरं छिद्र पडलं की तो तुकडा बदलायची वेळ आली असं समजावं.

सीपीव्हीसीवर, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपावर, मात्र पुट्टीचा भरवसा धरू नये. गुळगुळीत प्लास्टिकवर तिची पकड कमी, त्यात गरम पाण्याने पाइप लांबतो. ३ मीटर लाइन ४० अंशांनी तापली तर सात-आठ मिलिमीटरने वाढते. कडक झालेली पुट्टी तेवढी ताणत नाही. हिरव्या पीपीआरला (हाही प्लास्टिकचाच एक प्रकार) तर काहीच चिकटत नाही. ते पाइप २६० अंशांच्या मशीननेच जोडले जातात, तिथे सरळ ते मशीन असलेल्या माणसाला बोलवावं.

रिपेअर क्लॅम्प. या सगळ्यांत सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत कामाची वस्तू हीच. आत रबर असलेल्या दोन अर्ध्या पट्ट्या बोल्टने आवळायच्या. पाइप ओला असला, लाइन चालू असली तरी बसतो. मेन कॉकच खराब असलेल्या जुन्या इमारतीत हा क्लॅम्प घरात आणून ठेवलेला असावा. छिद्र रबराच्या मधोमध यायला हवं. बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे पिळावेत, एकच बाजू आधी घट्ट केली तर रबर सरकतं.

घोटाळा होतो तो मापात. ‘अर्ध्या इंचाचा द्या’ म्हटलं तर दुकानदार जीआयचा देतो. अर्ध्या इंची जीआयचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर, अर्ध्या इंची सीपीव्हीसीचा जेमतेम १६. जीआयचा क्लॅम्प सीपीव्हीसीवर कितीही आवळला तरी सैलच राहतो. पाइपाचा प्रकार सांगावा, नाहीतर दोऱ्याने घेर मोजून न्यावा. क्लॅम्प नाहीच मिळाला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी दोन-तीन वेढे ताणून गुंडाळावी आणि वरून स्टीलच्या दोन होज क्लिप आवळाव्यात. रात्र निभावते. एल्बो (वळणाचा जोड), टी (तीन तोंडांचा जोड) अशा वाकड्या जागी मात्र क्लॅम्प बसत नाही.

चिकट टेप. जाड काळी रबरी टेप आणि ॲल्युमिनियमची ब्यूटाइल टेप पावसाच्या पाण्याच्या पाइपाला किंवा पन्हाळीला ठीक. दाबाच्या लाइनवर लावू नये. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप त्यापेक्षा बरी. ती लांबीच्या दुप्पट-तिप्पट ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत गुंडाळायची. न ताणता गुंडाळली तर पैसे वाया.

टेफ्लॉन टेप बाहेरून गुंडाळून कुठलीच गळती थांबत नाही. तिची जागा आट्यांवर. नळ, अँगल कॉक किंवा शॉवरच्या मुळाशी पाणी येत असेल तर फिटिंग पूर्ण काढून जुनी टेप ब्रशने साफ करायची. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर पिळताना गोळा होऊन बाहेर येते. बाजारातल्या पातळ टेपचे अर्ध्या इंचाला आठ-दहा वेढे लागतात. नळ सरळ दिसावा म्हणून घट्ट केल्यावर थोडा मागे फिरवला की सील तुटलं, पुन्हा पहिल्यापासून. जीआयवर ताग आणि सफेदा (पांढरा तेलकट लेप) लावायची जुनी पद्धत भक्कम आहे, पण जुन्या प्रकारच्या सफेद्यात शिसं असतं, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या लाइनला तो नको. सीपीव्हीसीवर तेलकट सफेदा अजिबात नको. प्लास्टिकच्या आट्यांत पितळी नळ जोर लावून पिळला तर फिटिंग उभी तडकते, म्हणून तिथे पितळी आटे बसवलेलं फिटिंगच घ्यावं.

सीपीव्हीसीचा कपलर आणि सोल्युशन. कपलर म्हणजे पाइपाची दोन टोकं जोडणारी नळी, आणि सोल्युशन म्हणजे ती चिकटवायचं द्रावण. सीपीव्हीसी गळत असेल तर खरा इलाज हाच, आणि साहित्य स्वस्त आहे. पाइपावर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला बघावा. सोल्युशन सीपीव्हीसीचंच हवं. यूपीव्हीसीचं (गार पाण्याच्या प्लास्टिक पाइपाचं) सोल्युशन गार पाण्यावर काही दिवस निभावतं आणि गीझरच्या लाइनवर सुटतं. डब्यातलं सोल्युशन जेलीसारखं घट्ट झालं असेल तर फेकून द्यावं, थिनर घालून पातळ करू नये.

सांध्यातून पाणी येतं म्हणून बाहेरून सोल्युशन ओतणारे अनेक आहेत. सोल्युशन ही भेग भरायची पुट्टी नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग मऊ करून एकमेकांत मुरवतं, आणि भेगेत पाणी असेल तर ते होतच नाही. गळका एल्बो कापूनच काढावा लागतो.

जुना सीपीव्हीसी ठिसूळ होतो आणि कटरने चिरतो, त्यामुळे बारीक दातांच्या हॅक्सॉने कापावा. कापलेली कड चाकूने साफ करून बाहेरून किंचित उतरती करावी, नाहीतर ती सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. कोरडा पाइप कपलरात एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंतच जायला हवा. सहज तळाला गेला तर माप सैल आहे. सोल्युशन पाइपाला भरपूर आणि कपलरच्या आत पातळ लावावं. पाइप पाव वळसा फिरवत तळापर्यंत घालून ३० सेकंद दाबून धरावा, नाहीतर तो आपोआप मागे सरकतो. कडेने सोल्युशनचं अखंड कडं दिसलं म्हणजे काम नीट झालं. भिंतीतली लाइन असेल तर दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट मोकळी करावी लागते. पाइप थोडा वाकवता आला नाही तर नव्या तुकड्याच्या दुसऱ्या टोकाचा कपलर बसतच नाही. प्लंबरने चार इंचांच्या खड्ड्यात काम उरकायचं म्हटलं तर थांबवावं.

पाणी सोडायची वेळ डब्यावरच्या तक्त्याप्रमाणे ठेवावी, गरम पाण्याला २४ तास द्यावेत. भिंत लगेच बुजवू नये. कोरडा टिश्यू पेपर सांध्याभोवती गुंडाळून रात्रभर ठेवावा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी भिंतीत जातं, आणि त्याहून बारीक पाझर डोळ्याला दिसत नाही, कागदाला कळतो. सकाळी कागद कोरडा असेल तरच गिलाव्याचं सिमेंट कालवावं.